आधी चेंबर मोजा

प्रस्तावना

बाबांच्या राजदूतला तीन वर्षांत चार वेळा नवे पॉइंट बसले. दोनदा कंडेन्सर बदलला, एकदा कॉइल. दर वेळी गाडी महिनाभर नीट चालायची आणि मग पुन्हा तेच रडगाणं. पहाटे पहिल्या पाळीला निघताना एका किकमध्ये सुरू व्हायची, पण कारखान्याच्या गेटापर्यंत इंजिन तापलं की अडखळू लागायची. ज्यानं त्यानं पॉइंटचं अंतर पाहिलं, ते बिघडलेलं दिसलं, पुन्हा लावून दिलं. अंतर बिघडतंय कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

इंजिन पूर्ण खोललं तेव्हा उत्तर मिळालं. क्रँक काढल्यावर मॅग्नेटोच्या बाजूचं बेअरिंग मी दोन बोटांनी धरलं आणि ते घरातून अलगद बाहेर आलं. पुलर लागला नाही, चेंबर तापवावा लागला नाही, मोगरीचा एक ठोकाही नाही. घराच्या आतल्या भिंतीवर गोल फिरून पंचाचे टिपके मारलेले होते. माझ्याआधी कुणीतरी ही ढिलाई पाहिली होती, टिपक्यांनी धातू वर उचलून बेअरिंग अडकवलं होतं आणि इंजिन बंद करून दिलं होतं. टिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत झिजून सपाट झाली. मग बेअरिंग घरात हलू लागलं, त्याच्याबरोबर क्रँकचं टोक हललं, टोकावरचा कॅम हलला, आणि जिथं पॉइंटचं अंतर चार दशांश मिलिमीटरच्या आसपास राखायचं तिथं ते दर फेऱ्याला वेगळं पडू लागलं. इंजिन थंड असताना ॲल्युमिनियम आक्रसलेलं असायचं, त्यामुळे दुखणं झाकलं जायचं. तापलं की उघडं पडायचं. काढून टाकलेल्या चारही पॉइंटांत काही दोष नव्हता.

हे पुस्तक त्या घराबद्दल आहे. कंपनीच्या पुस्तकात ज्याला क्रँककेस म्हणतात त्याला आमच्या भिलाईत, दुर्गात, रायपुरात आणि तिकडे पार नागपूरपर्यंत मेकॅनिक लोक चेंबर म्हणतात. मीही सगळीकडे चेंबरच म्हटलं आहे. ॲल्युमिनियमचे दोन अर्धे, मधे गास्केट किंवा नुसता सिलर, आत क्रँक आणि गिअर. चेंबर स्वतः फिरत नाही, त्याचा आवाज येत नाही, त्याचं वंगण बदलावं लागत नाही. क्रँक आणि गिअरचे शाफ्ट एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर, एकमेकांना समांतर आणि सिलिंडरशी काटकोनात धरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. गिअरचे दात एकमेकांत किती शिरतील, ऑइल सीलची कड शाफ्टवर सारखी टेकेल की एका बाजूनं दबेल, कनेक्टिंग रॉड सरळ उभा राहील की तिरका, हे सगळं चेंबर ठरवतो. आणि इंजिन बांधताना मोजला जात नाही तो चेंबरच. पिस्टन उजेडाकडे धरून पाहतात, रिंगची फट फीलर गेजनं बघतात, क्रँक प्रेसवाल्याकडे पाठवतात. चेंबर डिझेलनं धुऊन, फडक्यानं पुसून, उपडा ठेवून देतात.

माझी नोकरी पोलाद कारखान्यात रोलिंग मिलच्या रोलवर गेली. मिलचा रोल दोन्ही टोकांना ज्या अवजड घरांत बसतो त्यांना चॉक म्हणतात. चॉक म्हणजे बेअरिंगचं घरच, फक्त ते उचलायला क्रेन लागते. नवं बेअरिंग घालण्याआधी चॉकचा बोअर चारही दिशांनी, वेगवेगळ्या खोलीवर मोजायचा आणि आकडे वहीत उतरवायचे, ही तिथली शिस्त. बोअर लांबट झाला असेल तर कोणत्या दिशेनं, हेही लिहायचं, कारण भार कुठून येतो ते त्यावरून कळतं. पाळी संपवून घरी आलेला माणूस संध्याकाळी स्वतःच्या मोटरसायकलचं इंजिन मात्र काही न मोजता बांधतो. घर तेच, काम तेच, फक्त आकार तळहाताएवढा. मला हे फार खटकत आलं आहे, आणि पुस्तक लिहायला बसण्याचं खरं कारण हेच.

भिलाईत बसून मराठीत का लिहितोस, असं मित्रांनी विचारलं. इथल्या कोणत्याही गॅरेजात हिंदी आणि छत्तीसगढी चालते. पण भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्या वर्षांत देशाच्या सगळ्या भागांतून माणसं इथं कामाला आली, त्यांत गोंदिया, भंडारा, नागपूरकडचीही होती. आमचं घर त्यांतलंच. बाबा घरी वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलायचे आणि हत्यारांची नावं हिंदीत घ्यायचे. आट्यांना चुडी, लेथला खराद. माझ्या डोक्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. गोंदियाच्या किंवा बल्लारपूरच्या गॅरेजात पाना धरायला शिकणाऱ्या मुलाला बोअर गेज कसं वाचायचं हे त्याच्या भाषेत सांगणारं काही हाती लागावं, म्हणून मराठी.

आणि भिलाई का, तर या कामाला लागणारे हात इथं आहेत. नंदिनी रोडच्या औद्योगिक भागात कारखान्याला सुटे भाग पुरवणारी छोटी यंत्रशाळा गल्लोगल्ली दिसते. सुपेला आणि पॉवर हाउसच्या बाजारामागे लेथ लावून बसलेल्यांत आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम करून निवृत्त झालेले टर्नर आहेत. त्यांच्याकडे डायल गेज आहे, मायक्रोमीटर आहे, आणि एक शतांश मिलिमीटर म्हणजे किती हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. गॅरेज आणि ही लेथ यांच्यात एक-दीड किलोमीटरचं अंतर असतं. ते पार करून चेंबर तिथवर पोचत नाही, एवढीच अडचण. पोलादाच्या या राज्यात ॲल्युमिनियमही परकं नाही. बाल्को 1965 साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना कोरब्याला आहे. तरी इथला माणूस ॲल्युमिनियमला पोलादासारखं वागवतो. त्याच दणक्यानं बोल्ट आवळतो, तीच छिन्नी लावतो. चेंबरची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात.

घर ढिलं होण्यामागचं मुख्य कारण समजलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथं थोडा थांबतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. एक मीटर लांबीमागे एका अंशाला ॲल्युमिनियम साधारण 23 मायक्रॉन वाढतं, पोलाद 11 ते 12 मायक्रॉन. आता 6304 नंबरचं बेअरिंग घ्या. आतला व्यास 20, बाहेरचा 52, रुंदी 15 मिलिमीटर. शंभर सीसीच्या गाड्यांतली बेअरिंगं या मापाच्या आसपासचीच असतात. इंजिन सकाळच्या तापमानापेक्षा 80 अंशांनी तापलं तर 52 मिलिमीटरचं घर बेअरिंगपेक्षा सुमारे चार ते पाच शतांश मिलिमीटर जास्त फुगतं. म्हणजे थंड असताना घर बेअरिंगपेक्षा दोन-तीन शतांश लहान असलं, तरी तापल्यावर ती पकड जवळपास सुटलेली असते. कंपनीनं हा हिशेब करूनच माप दिलेलं असतं. बेअरिंगच्या डब्यावर सी3 लिहिलेलं असतं तेही याच हिशेबातलं आहे. घट्ट बसवल्यावर बाहेरचं कडं दबतं आणि आतल्या गोळ्यांची मोकळीक कमी होते, म्हणून ती मोकळीक आधीच थोडी जास्त ठेवतात. मग घर नुसतं दोन-तीन शतांश झिजलं की काय होईल ते पाहा. थंड असताना बेअरिंग हातानं जेमतेम शिरतं, मेकॅनिक म्हणतो ठीक आहे, आणि गाडी राजनांदगावपर्यंत पोचेस्तोवर बाहेरचं कडं घरात फिरू लागलेलं असतं. एकदा फिरू लागलं की ते स्वतःच घर खात सुटतं.

ही खूण डोळ्यांना दिसते. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर गोल रेघा उमटलेल्या असतात, घर एका बाजूला आरशासारखं चकाकतं आणि कोपऱ्यात करडी काळी पेस्ट साचलेली असते. ती पेस्ट म्हणजे तुमचा चेंबरच, दळून निघालेला. ती पुसून टाकण्याआधी कोणत्या बाजूला जास्त आहे ते पाहून ठेवा. क्रँकच्या घरात झीज बहुधा सिलिंडरच्या दिशेत असते. पुढच्या स्प्रॉकेटमागच्या बेअरिंगचं घर मागच्या चाकाच्या बाजूनं लांबट होतं, कारण चेन आयुष्यभर त्याला तिकडेच ओढत आलेली असते. ते घर खूपच लांबट दिसलं तर गाडीच्या मालकाला चेन किती ताणून ठेवता असं विचारावं. घर दुरुस्त करून चेन पूर्वीसारखीच ताणली तर पैसे आणि कष्ट दोन्ही वाया जातात.

मोजण्यावर पुस्तकात दोन प्रकरणं आहेत आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. व्हर्नियरनं घर मोजू नका. त्याची टोकं बोअरच्या वळणावर नीट टेकत नाहीत आणि दोन शतांशांच्या गोष्टीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. बोअर गेज मायक्रोमीटरवर शून्य करून घ्या, ते नसेल तर टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर वापरा, आणि घर निदान चार दिशांनी, वर आणि खाली, असं आठदा मोजा. जुने लोक थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अडीच शतांश मिलिमीटरांहून किंचित जास्त. लेथवाल्याला शतांशांत माप सांगताना त्यानं ते थाऊ समजून घेतलं नाही ना, याची खात्री करा. या एका गैरसमजापायी मी एक चांगला अर्धा चेंबर भंगारात गेलेला पाहिला आहे.

भिलाईच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चेंबर धुऊन उन्हात वाळत ठेवायची सगळ्यांना सवय आहे. मे महिन्यात तासाभरात तो हात लावू देत नाही. सावलीतल्या मायक्रोमीटरपेक्षा तो 25 अंशांनी जरी गरम असला तरी 52 मिलिमीटरचं घर तीन शतांश मोठं मोजलं जातं. म्हणजे निरोगी चेंबर झिजलेला ठरतो. उलटही होतं. बाकावरचं बेअरिंग मोजायच्या आधी कुणी बराच वेळ मुठीत धरून बसलं तर ते फुगतं आणि माप फसवतं. चेंबर, बेअरिंग आणि मापाची हत्यारं एकाच खोलीत रात्रभर ठेवायची आणि सकाळी मोजायची. जगभर लांबीची मापं 20 अंश तापमानाला धरून सांगतात. आपल्याकडे ते जमणार नाही, पण सगळं एकाच तापमानाला आणणं तर हातात आहे.

धुण्याबद्दलही आताच सांगून ठेवतो. लोखंडी भाग कॉस्टिक सोड्यात उकळून लखलखीत करणारे कारागीर चेंबरही त्याच पिंपात टाकतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. बुडबुडे येताना दिसतात तो हायड्रोजन, आणि त्याच्याबरोबर तुमची मापं जातात. सँड ब्लास्टिंगही मी करू देत नाही. वाळूचा एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तरी नव्या बेअरिंगचं आयुष्य संपलं. रॉकेल, ब्रश, साबणाचं गरम पाणी, दाबाची हवा आणि भरपूर वेळ एवढ्यावर चेंबर पुरेसा स्वच्छ होतो. हल्ली जुन्या आरएक्स 100 नव्यासारख्या करून घेण्याची हौस वाढली आहे आणि चेंबर बाहेरून बफ मारून आरशासारखे करतात. त्या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण बफवर दोन दिवस घालवणाऱ्यानं बोअर गेजवर दोन तास घालवावेत, एवढं मी कळकळीनं सांगेन.

आता त्या राजदूतच्या घराकडे येतो. उभ्या दिशेत ते बेअरिंगपेक्षा सात शतांश मोठं निघालं, आडव्या दिशेत चार. असं घर समोर आलं की बाजारात अनेक उपाय सुचवले जातात. पंचाचे टिपके त्यांत सर्वांत जुने. त्यांनी बेअरिंग दहा-बारा टोकांवर टेकतं आणि टोकं झिजली की पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून बेअरिंगभोवती गुंडाळतात. तो फाटतो, सरकतो आणि त्याचे तुकडे गिअरमध्ये जातात. तिसरा उपाय रिटेनिंग कंपाउंडचा. त्याला मी वाईट म्हणणार नाही. हवा लागली नाही की दोन धातूंच्या मधे ते कडक होतं, बहुतेक जाती 150 अंशांपर्यंत टिकतात. झीज सगळीकडून सारखी आणि दोन-तीन शतांशांपर्यंतची असेल, घर तेलाचा अंशही न राहील इतकं स्वच्छ केलं असेल, तर त्यानं काम होतं आणि टिकतंही. पण घर लांबट असेल तर कंपाउंड फक्त पोकळी भरतं. बेअरिंग ओलं असताना जिथं टेकून बसलं तिथंच कायमचं बसतं, आणि ती जागा मूळ मध्यावर असेलच असं नाही. इथंच पंच मारणारा, पत्रा घालणारा आणि कंपाउंड ओतणारा तिघेही एकच चूक करतात. त्यांना ढिलाई दिसते, ती घालवायची असते. हरवलेला असतो तो मध्य. तो परत आणला नाही तर बेअरिंग घट्ट आणि इंजिन वाकडं, असा प्रकार होतो.

मध्य कसा सापडतो, हे मला नंदिनी रोडवरच्या एका म्हाताऱ्या टर्नरनं दाखवलं. त्यानं आधी चेंबरच्या जोडणीचं तोंड सरफेस प्लेटवर निळा रंग लावून पाहिलं. तोंड सपाट नसेल तर त्याच्या आधारे केलेलं कोणतंच मोजमाप खरं नसतं. तोंडावर दोन जागी पेचकस घालून चेंबर उचकटल्याच्या खुणा होत्या, त्यांचे वर आलेले ओठ त्यानं तेलाच्या दगडावर हलकेच घासून काढले. त्याहून एक कणही जास्त नाही, कारण तोंड घासलं की दोन्ही अर्ध्यांतलं अंतर कमी होतं आणि आतले शाफ्ट दबतात. मग ते तोंड खाली ठेवून त्यानं चेंबर मशीनच्या टेबलावर बांधला. क्लँप आवळताना त्यानं डायल गेज चेंबरला टेकवून ठेवलं होतं. आवळल्यानं काटा हलला तर चेंबर वाकतोय. काटा हलला. त्यानं क्लँप सोडून जागा बदलली, खाली पातळ पत्र्याचा आधार दिला, पुन्हा आवळलं. असं तीनदा. मी घड्याळाकडे पाहत होतो, तो काट्याकडे.

नंतर त्यानं बॅटरी मारून मला घराचा तळ दाखवला. बेअरिंगची कड जिथं पोचत नाही तिथं दीड-दोन मिलिमीटर रुंदीची मंद करड्या रंगाची एक पट्टी होती. कारखान्यातून निघाली तेव्हाची, न झिजलेली, न चकाकणारी. डायलचं टोक त्यानं त्या पट्टीवर टेकवलं, स्पिंडल हातानं फिरवला आणि काटा स्थिर होईपर्यंत टेबल सरकवत राहिला. मग तेच टोक वर, झिजलेल्या भागावर नेलं. काटा डोलू लागला. झिजलेल्या बोअरवरून मध्य धरला असता तर तो मूळ मध्यापासून सरकला असता, आणि घर अगदी गोल होऊनही इंजिन कायमचं बिघडलं असतं. अशी पट्टी उरलेली नसेल तर दुसरा अर्धा डॉवेलवर जोडून त्याच्या घरावरून मध्य आणावा लागतो. दोन्ही अर्धे कंपनीत जोडीनं मशीन केलेले असतात. म्हणून एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा असा संसार शक्यतो लावू नये.

घर सहा मिलिमीटरनं मोठं केलं, तळाचा खांदा तसाच राखला, कारण क्रँकचा आडवा खेळ त्या खांद्यावर ठरतो. स्लीव्ह ॲल्युमिनियमच्या बारमधून काढली. पोलादाची का नको, असं मी विचारलं होतं. उत्तर वर दिलेल्या हिशेबातच आहे. पोलादी स्लीव्ह तापल्यावर चेंबरमध्ये तशीच सैल पडेल जसं बेअरिंग पडलं होतं. ती घालायचीच तर कॉलर ठेवून, पिना मारून अडकवावी लागते. ॲल्युमिनियमची चेंबरबरोबर वाढते, चेंबरबरोबर आक्रसते. स्लीव्ह घरापेक्षा सहा शतांश मोठी ठेवली, चेंबर भट्टीत तापवला, स्लीव्ह बर्फात ठेवली, आणि ती बसल्यावर सगळं थंड होऊ दिलं. आतला शेवटचा बोअर त्यानंतर, त्याच बांधणीत, बेअरिंगच्या मापापेक्षा तीन शतांश कमी.

सगळ्या चेंबरांना इतकं करावं लागत नाही आणि काहींना इतकं करूनही उपयोग नसतो. तडा कुठवर गेला आहे ते आधी पाहायचं. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली की तिथली भिंत फोडते, हे उघड्या चेनच्या गाड्यांत नेहमी घडतं. माठ विकत घेताना आपण तो बोटांनी वाजवून पाहतो, तसा मोकळा चेंबर टांगून हलकेच वाजवा. सबंध चेंबर खणखणतो, तडकलेला बद्द बोलतो. मग संशयाच्या जागी आतून रॉकेल लावायचं आणि बाहेरून खडूची पूड. तड्यातून रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उठते. ती रेघ जिथं संपते असं वाटतं त्याच्या थोडं पुढे बारीक भोक पाडल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका, नाहीतर तडा वेल्डच्या पुढे चालत राहतो. आर्गन वेल्डिंग करणारे भिलाईत पुष्कळ आहेत, पण पोलादावरचा चांगला हात ॲल्युमिनियमवर चांगला असेलच असं नाही. दाबानं ओतलेल्या आधुनिक चेंबरच्या धातूत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, शिवाय वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. आर्क लागली की ते उसळून वर येतं आणि वेल्ड जाळीदार होतो. आधी तापवून तेल बाहेर काढणं, वेल्ड थोडा थोडा भरणं आणि त्या वेळी दोन्ही अर्धे बोल्टनं जोडून ठेवणं, या तिन्ही गोष्टी करणारा मिळाला तर त्याचा पत्ता जपून ठेवा. तडा बेअरिंगच्या घरातून आरपार गेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे. तो चेंबर पुन्हा रस्त्यावर नेऊ नये.

आट्यांवर एक वेगळं प्रकरण आहे, कारण चेंबरच्या तक्रारींत संख्येनं ते दुखणं सर्वांत मोठं. ड्रेन बोल्ट दर वेळी थोडा जास्त आवळला जातो, आणि एक दिवस तो नुसताच फिरतो. मग त्यावर टेफ्लॉन, एम-सील, मोठ्या मापाचा बोल्ट. हेलिकॉइल घालणं अवघड नाही, फक्त ड्रिल सरळ जायला हवं. हातातल्या ड्रिलनं अंदाजानं पाडलेलं भोक सिलिंडरच्या स्टडला तिरपं करतं आणि हेड गास्केट पुन्हा पुन्हा जळतं.

टू-स्ट्रोक गाडीच्या चेंबरची परीक्षा अजून एका गोष्टीनं घ्यायची असते. तिथं चेंबर हवाबंद असावा लागतो, कारण मिश्रण त्यातूनच वर जातं. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबरानं बंद करून पंपानं सहा पीएसआय हवा भरायची आणि काटा पाहत बसायचं. जोडणीवर साबणाचं पाणी सोडलं की फुगे कुठं येतात ते दिसतं. या गळतीतून आत जाणारी हवा मिश्रण पातळ करते आणि एखाद्या दुपारी लांबच्या प्रवासात पिस्टन जाम होतो. त्या दिवशी दोष ऑइलवर जातो.

नवा चेंबर का घालत नाही, असंही विचारलं जातं. ज्यांचा नवा चेंबर मिळतो त्यांनी खर्चाचा हिशेब मांडून जरूर घालावा. राजदूत, जुनी टू-स्ट्रोक येझदी, आरएक्स यांचं उत्पादन कधीच थांबलं आहे आणि भंगारातून मिळणारा चेंबर तितकाच झिजलेला असतो. शिवाय इंजिन नंबर चेंबरवरच कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 खाली आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. दुसऱ्याचा चेंबर बसवून जुना नंबर त्यावर ठोकून देणारे भेटतात. तो गुन्हा आहे, आणि पुस्तकात मी त्याचा मार्ग सांगितलेला नाही. आरटीओकडे जाण्याचा रस्ता सांगितला आहे.

मेकॅनिकांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. गिऱ्हाईक गाडी टाकताना कधी मिळेल आणि किती घेणार, एवढंच विचारतं. मापासाठी गेलेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो दिवस कुणी घालवत नाही. माझी गाडीवाल्यांना विनंती आहे की इंजिन बांधायला देताना घरांची मापं कागदावर लिहून मागा आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरा तक्ता दिला आहे: प्रत्येक घराला आठ रकाने, शेजारी बेअरिंगचं माप आणि तारीख. पुढच्या वेळी इंजिन खोलणाऱ्याला, मग तो कुणीही असो, तो कागद बोअर गेजइतकाच उपयोगी पडेल.

राजदूतचा तो अर्धा मी घरीच जोडला. आईनं तिची भट्टी एका दुपारपुरती दिली. चेंबर पुरेसा तापला की नाही हे पाहायला तिनं सवयीनं बोटं ओली करून त्यावर पाणी शिंपडलं, घावनाच्या तव्यावर शिंपडते तसं. थेंब चर्र करून उडाले. फ्रीजरमधून पिशवीतलं बेअरिंग काढलं, सरळ धरलं आणि सोडलं. ते आपल्या वजनानं खांद्यापर्यंत गेलं, तळाशी टक असा आवाज झाला. अर्ध्या मिनिटानं मी ते बोटांनी ओढून पाहिलं. हललं नाही. पॉइंट जुनेच बसवले.

तुमचा चेंबर आत्ता अंगणात वाळत असेल तर तो उचलून आत आणा आणि मायक्रोमीटरशेजारी ठेवा. पहिलं प्रकरण आज रात्री वाचा. मोजायला सकाळी बसू.